पाण्यानं उपास मोडत नाही

कॉलेजात माझ्या वर्गातली मुलं मला 'काका' म्हणतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. ती अठरा-एकोणीस वर्षांची, मी तिशीला टेकलेला, वर मिशी. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला होता. मी खाली मान घालून मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि मग जो हशा झाला त्यात शेवटी मीही सामील झालो.

आमचे मराठीचे सर या दिवाळी अंकाचं काम पाहतात. त्यांनी एकदा विचारलं, "कॉलेजात यायच्या आधी तुम्ही काय करत होता?"

मी म्हटलं, "धर्मशिक्षक होतो, सर. कॅथलिक मिशनचा."

"म्हणजे नक्की काय?"

मला ते दोन वाक्यांत सांगता येईना. ते म्हणाले, "मग दोनपेक्षा जास्त वाक्यांत लिहून आणा." म्हणून हे लिहितो आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेला मी पहिला. आईवडलांना अक्षरओळख नव्हती. छापण्यासाठी मी याआधी काही लिहिलेलं नाही, तेव्हा मांडणीत उणं राहिलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी मूळचा फुलसावंगीकडचा. वडील शेतमजूर. मी लहान असताना आमचं घर कॅथलिक झालं आणि मिशनच्या वसतिगृहात राहून मी सातवी पास झालो. पुढे धर्मशिक्षकाचं शिक्षण घेतलं, आणि छप्पन साली, विसाव्या वर्षी, माझी नेमणूक झरी जामणीच्या जंगलातल्या एका पोडावर झाली. कोलाम आदिवासींच्या वस्तीला पोड म्हणतात. तिथली सोळा घरं आमच्या धर्मातली होती. पोडाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि मी त्यांना न विचारता हे लिहितो आहे.

धर्मशिक्षक म्हणजे धर्मगुरू नव्हे. धर्मगुरूंना आम्ही फादर म्हणतो आणि मिस्सा फक्त तेच अर्पण करू शकतात. मिस्सा ही आमची मुख्य उपासना. तिच्यात भाकर आणि द्राक्षारस अर्पण केला जातो, आणि ती भाकर प्रभूचं शरीर होते अशी आमची श्रद्धा आहे. ते ग्रहण करणं याहून मोठं आमच्या आयुष्यात काही नाही. पण फादर एक आणि गावं पंचवीस-तीस. त्यामुळे एकेका गावाच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार यायचा. उरलेले दिवस देवाचं जे काही काम असेल ते धर्मशिक्षकानं पाहायचं. पहाटे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजवून लोकांना प्रार्थनेला बोलवायचं. मुलांकडून धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची. संध्याकाळी जपमाळ. आजाऱ्याजवळ बसायचं, जंगल खात्याचे अर्ज लिहून द्यायचे, आणि नवराबायकोच्या भांडणात मध्ये पडून दोघांच्याही शिव्या खायच्या.

देव आहे की नाही, आत्मा अमर आहे की नाही, असले प्रश्न मला तिथे कोणी विचारले नाहीत. कॉलेजात आल्यावर ते पहिल्यांदा ऐकले. पोडावर श्रद्धा म्हणजे बारीकसारीक गोष्टी रोज पाळणं. रविवारी नांगर धरायचा नाही. शुक्रवारी मांस खायचं नाही. जेवणाआधी क्रुसाची खूण करायची. आणि फादर येतील त्या रविवारी उपाशीपोटी यायचं, कारण प्रभूचं शरीर घेण्याआधी दुसरं काही पोटात जाऊ नये असा नियम. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. मला मात्र, जो माणूस एवढं पाळतो तो पुढे मोठंही पाळील असं वाटायचं, आणि अजूनही बऱ्याच अंशी वाटतं.

शुक्रवारचा एक किस्सा सांगतो. पोडापासून कोसभरावर बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथल्या नायकाच्या शेतात आमची माणसं कापूस वेचायला जात. नायकाच्या घरी नातू झाला. त्यानं बोकड कापून साऱ्या वेचणाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि नेमका शुक्रवार निघाला. माणसं पंगतीत बसली आणि वाढायला लागल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

नायक कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभा राहिला. "मास्तर, तुमच्या लोकाइसाठी बोकड कापलं म्या, अन् आता तुमी म्हनता खानार नाई?"

"आज शुक्रवार आहे, नायक."

"शुक्कीरवारचं अन् बोकडाचं काय वाकडं हाय?"

मी चाचरत सांगितलं की शुक्रवारी आमच्या प्रभूनं प्राण दिला, म्हणून त्या दिवशी आम्ही मांस खात नाही. मला वाटलं आता हा हाकलून देणार. नायकानं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "म्हंजे सुतक हाय. असं सांगा ना मंग. सुतकात कोन खाते?" त्यानं घरात ओरडून पिठलं टाकायला लावलं. पुढे कित्येक महिने, शुक्रवारी मी वाटेत दिसलो की तो बैलगाडीवरून ओरडायचा, "मास्तर, आज सुतक ना?" मी हे फादरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नायकाला जेवढं कळलं तेवढं आपल्या पुष्कळ लोकांना कळत नाही."

त्या दिवसापासून माझी मान जरा ताठ झाली. बोकड समोर असताना माझी सोळा घरं माझ्या एका खुणेवर थांबली होती. फादरही मिशनच्या बैठकीत इतर धर्मशिक्षकांसमोर म्हणाले, "याच्या पोडावरची शिस्त पाहा." ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवत होतो ते सांगायलाही लाज वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येतो.

मिस्सेआधीच्या उपासाचा जुना नियम फार कडक होता. मध्यरात्रीपासून अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. माझ्या आधी तिथे जे म्हातारे धर्मशिक्षक होते त्यांनी पोडाला तोच शिकवला होता. पोडावर घड्याळ नव्हतं. मध्यरात्र कधी होते हे कुणाला कळणार? म्हणून लोक शनिवारी दिवेलागणीला आंबील पिऊन चूळ भरत, आणि त्यानंतर मिस्सा होईपर्यंत तोंडात काही घालत नसत. फादर सकाळी आठपर्यंत येत, त्यामुळे निभावून जाई.

मारू नावाचा एक तरुण कोलाम तेवढा मला छळायचा.

"मास्तर, उपासाले तंबाखू चालते का?"

"नाही."

"काहून? गिळत नाही ना मी. थुकतो."

"तरी नाही."

"मंग चहा? चहा म्हंजे पानीच होय."

"पाणीही चालत नाही, मारू."

"इचारून पाह्यलं. तुमाले राग येत असंन तर नाही पेत."

त्याची बायको जंगू मागून म्हणायची, "त्याले इचारा मास्तर, आपल्या पोडात कोनाच्या घरी चहाची पत्ती हाय? नसलेल्या चहाची पंचाईत करून राह्यला."

मी हसायचो, पण मनात मारूची नोंद 'ढिला माणूस' अशी करून ठेवायचो.

पुढच्या वर्षी मिशनच्या बैठकीत फादरांनी आम्हाला नवा नियम सांगितला. पोपसाहेबांनी उपास शिथिल केला होता. पाण्यानं उपास मोडत नाही, पाणी केव्हाही प्यावं. आणि अन्न मिस्सेआधी तीन तासांपर्यंत चालतं. पाण्याची मोकळीक तर त्याच्याही आधीच मिळाली होती, ती आमच्या रानात पोचलीच नव्हती. फादर म्हणाले, "घरोघर जाऊन सांगा." मी वहीत तारीख घालून लिहून घेतलं.

आणि सांगितलं नाही.

काहून, असं पोडावर विचारतील. खरं उत्तर असं की मला माझ्या लोकांची शिस्त मोडायची नव्हती. परत येताना वाटभर मला मारू दिसत होता. आज पाणी म्हटलं की उद्या तो चहा म्हणणार, परवा तंबाखू. मग बैठकीत कोण माझ्याकडे बोट दाखवून शिस्त पाहा म्हणणार? मी स्वतःची समजूत घातली की कडक नियम पाळण्यात पुण्यच आहे, कुणाचं काही बिघडत तर नाही. मी स्वतःही पाणी पीत नसे. त्यामुळे आपण खोटं वागतो आहोत असं मला वाटतच नव्हतं. फादर वेळेवर येत आणि लोक आनंदानं उपाशी येत. मग कोण कुणाला विचारणार?

असे महिने गेले. पुढचा ईस्टर आला.

ईस्टरच्या दिवसांत प्रत्येक कॅथलिकानं निदान एकदा तरी प्रभूचं शरीर घेतलंच पाहिजे अशी आज्ञा आहे. आमच्या वाट्याला ईस्टरनंतरचा रविवार आला होता, त्यामुळे पोडातलं एकही माणूस मागे राहणार नव्हतं. मोहाचे दिवस होते. मोहाची फुलं पहाटे पडतात आणि वेचली नाहीत तर अस्वलं खाऊन जातात, म्हणून रविवारी मिस्सेआधी मोह वेचायची फादरांनी परवानगी दिली होती. (ती मात्र मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितली होती, कारण लोकांनी माझ्याकडे ती मागितली होती.) बाया पहाटे रानात गेल्या, टोपल्या भरून आणल्या, अंग धुऊन प्रार्थनाघरासमोर येऊन बसल्या.

उन्हावरून आठ वाजले असावेत, मग नऊ. फादर आले नाहीत. त्यांची मोटार वाटेत बिघडली होती आणि ते पायी निघाले होते हे आम्हाला नंतर कळलं. दहाच्या सुमाराला मी जपमाळ सुरू केली, लोकांचं लक्ष लागून राहावं म्हणून. ऊन कुडाच्या भिंतीवरून आत सरकत होतं. लोकांचा आवाज बारीक होत गेला. जीभ टाळूला चिकटते तेव्हा शब्द कसे निघतात ते मी त्या दिवशी ऐकलं, माझ्या स्वतःच्या तोंडूनही.

अकराच्या सुमाराला जंगू भिंतीला टेकल्या टेकल्या खाली घसरली.

जंगूला सहावा महिना होता. आधीची दोन बाळं तिची वाचली नव्हती. पहाटेपासून ती मोह वेचून आली होती, आणि आदल्या संध्याकाळपासून तिच्या तोंडात पाणी नव्हतं. तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि ओठ पांढरे पडले होते. मारू तिला धरून माझ्याकडे पाहत होता.

"मास्तर, पानी पाजू का?"

उत्तर मला माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं. पण 'पाज' म्हटलं, तर ते कधीपासून चालत होतं हेही सांगावं लागणार होतं. जपमाळेतली एक 'नमो मरिया' प्रार्थना म्हणायला लागतो तेवढा वेळ मी गप्प राहिलो. लिहिताना हा वेळ फार थोडा वाटतो. तिथे तो थोडा नव्हता.

"बोल ना बे!" मारू ओरडला. एरवी तो माझ्याशी कधी 'तुमी'शिवाय बोलला नव्हता.

"पाजा," मी म्हटलं. "आजारी माणसाला चालतं."

ते खरं होतं आणि खोटंही होतं. बायांनी जंगूच्या तोंडात थोडं थोडं पाणी सोडलं, डोक्यावर ओला फडका ठेवला. तिनं डोळे नीट उघडले.

तेवढ्यात मागून लेतूबाबा म्हणाला, "आजाऱ्याले चालते?"

लेतूबाबा म्हणजे पोडातला सगळ्यात आधी बाप्तिस्मा घेतलेला माणूस. कमी बोलायचा. प्रार्थनेला सगळ्यात आधी यायचा आणि गुडघे दुखत असूनही सगळ्यात शेवटी उठायचा.

"हो, बाबा," मी म्हटलं.

तो काय विचारत होता हे मला त्याच क्षणी कळलं. पौषात त्याच्या बायकोला ताप येत होता. फादर येण्याच्या रविवारी पहाटे तिला घशाला कोरड पडली म्हणून तिनं दोन घोट पाणी घेतलं होतं. प्रामाणिक बाई, प्रार्थनाघराच्या दाराशी तिनं स्वतःच मला सांगितलं. मी म्हटलं होतं, "आजी, आज मागं बसा. पुढच्या महिन्यात घ्या." ती "बरं, मास्तर" म्हणाली आणि मागे जाऊन बसली. पुढचा महिना तिनं पाहिला नाही. फादर येण्याआधीच ती गेली.

हे सगळं मला ठाऊक होतं. तोपर्यंत मी ते मनात एका जागी ठेवलं नव्हतं, एवढंच.

साडेबाराच्या सुमाराला फादर आले. पायात धूळ, झगा घामानं पाठीला चिकटलेला. त्यांनी माणसांकडे पाहिलं, भिंतीशी निजलेल्या जंगूकडे पाहिलं.

"पाणी नाही प्यायलात कोणी?"

मारू म्हणाला, "मास्तर म्हनते, आजाऱ्यालेच चालते."

फादर मला माझ्या खोलीत घेऊन गेले. दार लावलं नाही, पण आवाज खाली होता.

"मी तुला सांगितलं होतं."

"हो, फादर."

"तू लिहून घेतलं होतंस."

"हो."

"मग?"

"मला वाटलं, ढिलं सोडलं तर लोक..."

"तुला वाटलं." ते खाटेवर बसले. फार थकलेले दिसत होते. "मी तुला आज्ञा पाळायला सांगितली होती, कडक आज्ञा निवडून पाळायला नव्हती सांगितली. सोपी आज्ञा हीसुद्धा आज्ञाच असते. सगळ्या पोडाला तू आज्ञापालन शिकवलंस आणि न पाळणारा माणूस सगळ्या पोडात एकटा तूच निघालास."

ते खाटेवरून उठले.

"बाहेर जाऊन तू सांगतोस की मी सांगू?"

मला वाटलं, आपलं इथलं काम संपलं. धर्मशिक्षकाकडे काय असतं? त्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, एवढंच. तोच गेला तर रुळाचा तुकडा कितीही बडवा. तरी मी म्हटलं, "मी सांगतो."

लोकांसमोर उभं राहून मी सगळं सांगितलं. नियम केव्हा बदलला, मला केव्हा सांगितलं, मी का लपवलं. मारूचं नाव घेतलं नाही, पण शिस्तीचा मोह सांगितला. शेवटी म्हटलं, "पाण्यानं उपास मोडत नाही. कुणाचाच नाही. आजाऱ्याचा नाही, धडधाकटाचाही नाही."

मग भिंतीपाशी निजलेली जंगू बोलली. "म्हंजे इतके दिवस पेता येत होतं?"

"हो, बाई."

"पोटात लेकरू असून बी?"

"हो."

"अन् तुमी पेत होते?"

"नाही. मीही पीत नव्हतो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मंग तुमी बी येडेच," ती म्हणाली. दोन-तीन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसण्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो.

लेतूबाबा उठला. त्याला उठायला वेळ लागला. "माही बुढी," तो म्हणाला आणि थांबला. मग माझ्याकडे न पाहता, समोरच्या क्रुसाकडे पाहत म्हणाला, "थिनं आयकलं. तू सांगतलं अन् थिनं आयकलं. देव थिले काई नाही इचारीन. तुले इचारीन."

फादर मध्ये पडले नाहीत. त्यांनी पोशाख चढवला आणि मिस्सा सुरू झाली. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये असे. पोडातल्या माणसांना सगळी उत्तरं पाठ होती, अर्थ एकालाही येत नव्हता. त्या दिवशी ती उत्तरं त्यांनी कोरड्या घशानं दिली. प्रभूचं शरीर घ्यायला लेतूबाबा सगळ्यांत पुढे जाऊन गुडघ्यावर बसला, आणि डाव्या हाताला त्यानं एका माणसाची जागा मोकळी सोडली. नवराबायको शेजारी शेजारी बसायची तिथे पद्धत होती.

मिस्सेनंतर फादरांनी मला सगळ्यांसमोर एक आज्ञा दिली. वर्षभर, प्रत्येक मिस्सेच्या रविवारी, मिस्सा सुरू व्हायच्या आधी मी प्रार्थनाघराच्या दारात उभं राहून सर्वांदेखत लोटाभर पाणी प्यायचं. "लोकांना तोंडानं सांगण्याची वेळ तू घालवलीस," ते म्हणाले. "आता करून दाखव."

दारात उभं राहून पाणी पिण्यात काय कठीण आहे, असं वाचकांना वाटेल. मला पहिल्या महिन्यात ते घोट उतरत नव्हते. मारूनं मात्र ही आज्ञा मनावर घेतली. लोटा तोच भरून आणायचा, काठोकाठ. "पुरा, मास्तर. थेंब सोडायचा नाई." मुलं समोर बसून माझे घोट मोजायची. हळूहळू बाया पोरांना पाणी पाजायला लागल्या, मग स्वतः प्यायला लागल्या. आणि चहा, तंबाखू मागायला कुणीही आलं नाही. मारूनंही नाही. ज्या ढिलाईची मला एवढी भीती होती ती पोडात नव्हतीच.

लेतूबाबा तेवढा पीत नव्हता. मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "बाबा, पाणी घेत जा."

"पेलंच पायजे, असं हाय का?"

"तसं नाही. प्यायलं तर चालतं."

"मंग नाही पेत. थिचा उपास मी करून राह्यलो."

मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, "त्याला करू दे. तो दुसऱ्या कुणावर लादत नाही."

त्या वर्षात तो माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलला. पण पहाटे मी रूळ वाजवला की सगळ्यात आधी तोच यायचा. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाबा, माझ्यावर राग आहे, तरी माझ्या घंटेला येता." तो म्हणाला, "घंटा कुठं तुही हाय?"

श्रावणात जंगूला मुलगी झाली. मोठ्या आवाजाची, काळीसावळी, धडधाकट. जंगू जो येईल त्याला सांगायची, "इले मास्तरनं पोटातच उपास धरायले लावला होता, तरी पाहा कशी हाय." मी समोर असलो तरी सांगायची. मला ते ऐकायला बरं वाटायचं, कारण ते हसत सांगितलं जात होतं. दुसऱ्या कुठल्या गावानं मला ठेवलं असतं की नाही कोण जाणे. यांनी पुढे सहा वर्षं ठेवलं. त्यांचे अर्ज मीच लिहिले, त्यांच्या भांडणांत मीच शिव्या खाल्ल्या. तिथेच खोलीत बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला, आणि फादरांनी "आता कॉलेजात जा" म्हटलं तेव्हा निरोप द्यायला सोळाही घरं मोटारीच्या रस्त्यापर्यंत आली. माझ्या हातून जे घडलं ते फिटलं, असं मी म्हणत नाही. पौषातलं ते "बरं, मास्तर" मला अजून ऐकू येतं. तरी माझ्या आयुष्यात मला जे मिळालं त्याच्यात त्या लोकांनी मला दिलेलं सगळ्यात मोठं आहे.

ते कसं दिलं ते सांगून थांबतो.

वर्ष भरलं. त्यानंतरच्या मिस्सेच्या रविवारी फादर आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. सकाळी ते म्हणाले, "तुझं वर्ष झालं. आज दारात उभं राहायला नको." मी प्रार्थनाघराची सतरंजी झटकली, मेणबत्त्या लावल्या आणि सवयीनं दाराशी येऊन उभा राहिलो. मारू लोटा घेऊन आला नाही, त्यालाही वर्ष भरल्याचं माहीत होतं. ऊन आताशी चढायला लागलं होतं.

लेतूबाबा चढावरून आला. हातात पाण्याचा तुंबा होता, वाळलेल्या दुधी भोपळ्याचा, रानात नेतात तसला. माझ्यासमोर येऊन त्यानं तो पुढे केला.

"धर."

मी म्हटलं, "बाबा, वर्ष झालं. आता नाही प्यायलं तरी चालतं."

"मालूम हाय," तो म्हणाला. "तहान लागली असंन. पे."

मी तुंबा घेतला. पाणी ओढ्याचं होतं, गार. मी प्यायलो. त्यानं तुंबा माझ्या हातातून परत घेतला, थोडा हलवून आत किती उरलंय ते पाहिलं, आणि मग मान मागे टाकून उरलेलं सगळं पाणी तो स्वतः प्यायला. वर्षाहून जास्त दिवसांत, मिस्सेच्या सकाळी, पहिल्यांदा. पाणी हनुवटीवरून त्याच्या छातीवर ओघळलं.

त्यानं पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "चाल. फादर उभे हायेत."